खडकाखालचा बाण

गुरुवारी सकाळी दुकानाचं शटर वर केलं, तेव्हा ब्लांदीनच्या पायाशी पिवळा बाण होता. काल संध्याकाळी नव्हता. फुटपाथच्या करड्या फरशीवर, उंबऱ्यापासून हातभर अंतरावर, एका दमात फवारलेला, आणि टोक सरळ तिच्या दाराकडे. हातातली किल्ली हातातच राहिली. ती काचेला पाठ लावून उभी राहिली. गॅसवाल्यांनी काढला असणार, हे तिला त्याच क्षणी कळलंही होतं. महिनाभर ओसेर शहराच्या निम्म्या गल्ल्या त्यांनी रंगवून ठेवल्या होत्या. पण कळून काही उपयोग झाला नाही. आत जाऊन तिनं फरशी पुसायची बादली भरली, ब्रश घेतला, आणि चांगला कोट अंगात असतानाच रस्त्यावर बसून बाण घासायला सुरुवात केली. समोरचा पाववाला दारात येऊन बघत होता. म्हणाला, "काय ब्लांदीन, चष्मे चालेनासे झाले की काय? नगरपालिकेत लागलीस?" ती हसली, घासत राहिली. पिवळा ढिम्म हलेना. मग कोपऱ्यावरून शिरस्त्राण घातलेला एक कामगार आला, क्षणभर बघत उभा राहिला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "बाई, तो पुसायचा नसतो. खाली नळी आहे. पुसलात तर उद्या आमचा माणूस भलतीकडे जाईल." आणि जाता जाता म्हणाला, की हा काही खडू नव्हे, पाण्यानं जायला.

दिवसभर ती अंधाऱ्या खोलीत माणसांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलत राहिली. हे बरं दिसतं की हे? आणि आता? पहिलं की दुसरं? माणसं विचारात पडत, काही जण तर परीक्षेला बसल्यासारखे घाबरत, आणि ती शांतपणे म्हणे, चुकीचं उत्तर नसतं हो, जे दिसतं ते सांगा. पंचवीस वर्षं ती हे वाक्य बोलत आली होती. आज ते स्वतःच्याच तोंडून ऐकताना तिला वाटलं, हे वाक्य खोटं आहे. चुकीचं उत्तर असतं. ते एका शब्दाचं असतं. पाण्यानं जाणारा खडू, पाण्यानं जाणारा खडू, असं तिच्या डोक्यात पाणी ठिबकावं तसं चाललं होतं. तिच्या सायकल क्लबाचा रंग खडूचाच होता. दरवर्षी ऑक्टोबरात, द्राक्षांची तोडणी आटोपली की क्लबाची खडीवरची फेरी निघायची: जाड टायरांच्या सायकली, क्यूर नदीच्या काठानं, मग द्राक्षमळ्यांतल्या पांढऱ्या खडीच्या वाटांनी, मग जंगलातून वर आणि परत. सत्तर-ऐंशी किलोमीटर. आदल्या दिवशी फाट्याफाट्यावर पिवळे बाण काढायचे आणि पुढच्या आठवड्यात बादली-ब्रश घेऊन ते पुसायचे. वाट नेहमी थोडी बदलते, त्यामुळे गेल्या सालचा बाण मागं राहिला तर तो परक्याच्या खुणेपेक्षा वाईट. क्लबात हा नेम होता, आणि नेम म्हणजे नेम: जो काढतो, तोच पुसतो.

चार वर्षांपूर्वी जंगलाच्या पट्ट्यातले बाण रेमोंनं काढले होते. बासष्ट वर्षांचा, पोस्टातून निवृत्त झालेला, लांब हातापायांचा माणूस. क्लबात सगळ्यांना हाताची ओळख होती. क्लब चालवणाऱ्या बर्त्राँचे बाण चौकीदारासारखे ताठ, ब्लांदीनचे पोक काढल्यासारखे, आणि रेमोंच्या बाणाच्या शेपटाला एक छोटा आकडा, मांजर शेपूट वळवतं तसा. टपालावर सही करता करता जडलेली सवय, असं तो म्हणायचा. फेरीनंतर चार दिवसांनी त्याचा फोन आला. कंबर धरली होती. खुर्चीतून उठवत नव्हतं. "माझ्या वाटचं तेवढं पुसून टाकशील का गं? आणि बर्त्राँच्या कानावर घालू नकोस. तो आधीच मला म्हातारा म्हणतोय. एलियानलाही नको, ती उगाच सायकलच कुलपात घालेल." त्याला वाटणारा बायकोचा धाक ऐकून ब्लांदीन हसून हो म्हणाली होती. त्या शनिवारी दुपारी ती एकटीच गेली. सतरा बाण. पंधरा पुसले. जंगलात कुठंतरी शिकाऱ्यांचे बार होत होते आणि प्रत्येक बाराला ती दचकत होती. शेवटचे दोन नदीच्या फाट्यावर. तिथं चुनखडीचा एक मोठा खडक वाटेवर ओणवा आलेला आहे, छपरासारखा. एक बाण बाहेर उघड्यावर, एक खडकाखाली भिंतीवर. बाहेरचा पुसता पुसता तिचं पाणी संपलं. पाणी आणायचं म्हणजे उतारावरून नदीपर्यंत जायचं, ओल्या मुळांवरून, भरलेला कॅन घेऊन परत वर यायचं. बोटं गारठली होती. सोबत आणलेला पाव-चीजचा तुकडा तिनं खडकाखाली बसून खाल्ला, समोर तो बाण, आकड्याच्या शेपटाचा, अगदी प्रसन्न. तिच्या मनात आलं, पाऊस पुसेल. डब्यावरही लिहिलेलं असतंच, पावसात रंग जातो. खडकाखाली आपण कोरड्या जागी बसलो आहोत, इथं पाऊस येतच नाही, हे तिच्या पाठीला, बुडाला, कोरड्या कपड्यांना कळत होतं. तिला कळलं नाही. की कळलं होतं? हा एकच प्रश्न ती तीन वर्षं भिंगासारखा बदलून बघत होती. पहिलं की दुसरं? संध्याकाळी तिनं रेमोंला फोन करून सांगितलं, "झालं."

तो पुढच्या आठवड्यात दुकानात आला, काठी टेकत, ब्रँडीत मुरवलेल्या चेरींची बरणी घेऊन. आमच्या झाडाच्या आहेत, म्हणाला, नाताळापर्यंत उघडू नकोस. ती बरणी अजून तिच्या फडताळात आहे. नाताळ आले आणि गेले. चेरी आता तपकिरी झाल्या आहेत आणि त्यांचा रंग ब्रँडीत उतरला आहे. ती दर शनिवारी फडताळ पुसते, बरणी उचलते, खालची जागा पुसते, बरणी पुन्हा ठेवते.

त्या हिवाळ्यात क्यूरला पूर आला आणि खडकापलीकडची दोनशे मीटरांची वाट खालून खाल्ली गेली. वरून गवत दिसे, खाली पोकळी. म्हणून पुढच्या वर्षी क्लबानं फाट्यावर उजवीकडं न जाता डावीकडं मळ्यांतून वर चढायचं ठरवलं. हे ठरलं तेव्हा रेमों नव्हता. उन्हाळाभर आणि सप्टेंबरभर तो लेकीकडे ब्रेस्तला होता, फेरीच्या आदल्या रात्री परतला; नवी वाट त्यानं पाहिली नव्हती. बाण बर्त्राँनं काढले. फेरीच्या दिवशी सकाळपासून बुरबुर लागली होती. सगळ्यांच्या सायकलींवर नकाशा दाखवणारे छोटे स्क्रीन होते, रेमोंच्या नव्हता. मला पोस्टमनला नकाशा दाखवता होय, असं तो म्हणायचा. वाटेत त्याचं चाक पंक्चर झालं, त्यानं बाकीच्यांना हातानं पुढं जा म्हणून सांगितलं, आणि फाट्यावर तो एकटा पोचला. बर्त्राँचा डावीकडचा बाण उघड्या खडीवर होता. तो दुपारपर्यंत नुसता पिवळा ओघळ झाला होता. आणि खडकाखाली, कोरड्यात, वर्षभरापूर्वीचा त्याचा स्वतःचा बाण, कालच काढल्यासारखा. आपल्या हातावर कोण विश्वास ठेवणार नाही? पोलिसांनी नंतर त्या बाणाचा फोटो काढला. नदीतून त्याला वर आणायला चार माणसं लागली.

दफनानंतरच्या जेवणाला बर्त्राँ म्हणाला होता, की बिचारा, स्वतःचंच पुसायला विसरला. वाईट हेतूनं नव्हे. बर्त्राँ रडत होता तेव्हा. पण वाक्याला पाय फुटले. पुढच्या सभेला नव्या मंडळींना नेम समजावताना ते वापरलं गेलं, मग त्याचं रूप आखूड होत होत तीन शब्दांवर आलं. कुणी बाटली विसरलं, कुणी ब्रेक तपासायला विसरलं, की म्हणायचं: रेमों करू नकोस. ज्यांनी त्याला पाहिलंही नव्हतं तीसुद्धा म्हणू लागली. एलियानसमोर म्हटलं गेलं तेव्हा सगळे चपापले, पण तीच सगळ्यांत मोठ्यानं हसली, म्हणाली, "अरे, घरी तर तो रोजच रेमों करायचा. दिवा, गॅस, फाटक. मीच मागून बंद करत फिरायची." त्या रात्रीपासून ब्लांदीनला झोप नीट लागली नाही. पहिल्याच दिवशी सांगायचं तर एक वाक्य पुरलं असतं. महिन्यानं दोन लागली असती. आता ते सांगायचं तर आधी न सांगितल्याचं सांगावं लागणार, आणि त्याआधी त्याहून मागचं. शनिवारी संध्याकाळी ती चर्चमध्ये जाई, मेणबत्ती लावी, पापनिवेदनाच्या लाकडी खोलीवरचा छोटा दिवा पेटलेला दिसे, आत कुणीतरी ऐकायला बसलेलं असे. ती मेणबत्तीची वात सरळ करून परत येई. देवाला माहीत आहे, असं ती स्वतःला सांगे. देवाला सांगायचं नव्हतंच मुळी. मेलेल्या माणसाच्या नावावर तिचं ओझं चढलं होतं, ते उतरवायचं होतं, आणि ते उतरवून घेणारं माणूस जगात एकच होतं.

तेच माणूस त्या गुरुवारी दुपारी दुकानात आलं. एलियान. सहासष्ट वर्षांची, आखूड पांढऱ्या केसांची. दाराशी थबकून तिनं फुटपाथकडे मान तिरकी करून पाहिलं. हल्ली ती सगळंच तिरकं बघे. दोन्ही डोळ्यांच्या मध्यावर डाग धरला होता. कडेचं दिसे, समोरचं विरघळून जाई. चष्म्यानं ते भागण्यासारखं नव्हतं, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आणि ते ब्लांदीनलाही माहीत होतं. तरी एलियान खुर्चीत बसली, हनुवटी टेकवली, आणि ब्लांदीननं भिंगं बदलली. हे बरं की हे? "दोन्ही सारखंच वाईट गं," एलियान म्हणाली. "तू कशाला उगाच खेळवतेस मला?" मग अंधारातच, हनुवटी न उचलता, तिनं सांगितलं, की यंदाची फेरी शेवटची. बॅटरीची सायकल आहे, पायांचं काही नाही, पण पुढच्या साली कडेचंही दिसणार नाही. "रविवारी तू माझ्यापुढं चालव. खडकापर्यंत तरी. तुझं चाक कडेनं दिसत राहिलं की मला पुरे. तू सरळ चालवतेस, बर्त्राँ दारू प्यायल्यासारखा चालवतो." ब्लांदीननं भिंग हातात धरून ठेवलं. हो म्हणताना तिनं ठरवलं, तिथंच सांगायचं.

रविवारी बुरबुर नव्हती, पण आभाळ खाली उतरलेलं होतं. निघण्याच्या जागी बर्त्राँ गरम गुजेरचं ताट घेऊन उभा होता, चीजच्या त्या फुगीर गोळ्यांचा वास धुक्यात पसरला होता. बत्तीस जण होते. त्यानं शिट्टी वाजवली, वाट सांगितली आणि शेवटी बोट नाचवत म्हणाला, "आणि कुणी रेमों करायचं नाही." सगळे हसले. ब्लांदीनच्या सायकलच्या मागच्या पिशवीत पाण्यानं भरलेला कॅन होता आणि ब्रश. तीन वर्षं ती या पट्ट्यात आली नव्हती. दर वर्षी खाण्याच्या टेबलाची पाळी मागून घेत होती. तो बाण तिथं असेल की नसेल हे तिला माहीत नव्हतं. असला तर पुसायचा, एलियानच्या देखत, आणि पुसता पुसता सांगायचं. हात कामात असले की तोंड उघडतं, असं तिला वाटत होतं.

नदीकाठच्या वाटेवर चाकांखाली खडी करकरत होती. मागून एलियानच्या बॅटरीची बारीक गुणगुण, पाठीशी भुंगा लागल्यासारखी. मळ्यांत तोडणी संपून दोन आठवडे झाले होते. वेली गंजल्या रंगाच्या, मागं राहिलेल्या चुकार घोसांवर गांधीलमाश्या, आणि पिळलेल्या द्राक्षांच्या चोथ्याचा आंबूस वास दरीत साचून राहिलेला. एलियान मागून बोलत होती. रेमोंला चोथ्याचा वास आवडायचा नाही. रेमों म्हणायचा, गाव ढेकर देतंय. रेमोंनं लेकीच्या लग्नात नवऱ्यामुलाची गाडी घरासमोरच चिखलात रुतवली होती. सगळ्या गोष्टींत त्याचं काहीतरी चुकलेलं, आणि प्रत्येक चूक ती बरणी पुसून ठेवावी तशी ठेवत होती. ब्लांदीन वळणावर हात दाखवायची, खड्डा आला की ओरडून सांगायची, "डावीकडं, एलियान, आता सरळ." आणि मागची गुणगुण आज्ञाधारकपणे डावीकडं जाई, सरळ होई. एक प्रौढ बाई आपल्या चाकाच्या भरवशावर डोळे झाकून येते आहे, ही जाणीव तिच्या मानेवर गार हातासारखी बसली होती. तिला वाटलं, ही वाट अशीच लांबत जावी. फाटा येऊच नये. पण जंगल लागलं, ओक आणि बीचची ओली पानं चाकाला चिकटू लागली, आणि खडक आला.

उजवीकडच्या वाटेवर आता लोखंडी फाटक होतं आणि पाटी. बाकीचे सगळे डावीकडं चढून गेले होते; त्यांचे आवाज वर मळ्यात विरले. ब्लांदीननं सायकल झाडाला टेकवली, खडकाखाली वाकून पाहिलं. बाण होता. चार वर्षांचा जुना असायला हवा तसा नव्हे, ताजा, पिवळाधमक, जाड, आकड्यासकट. दगडावर रंगावर रंग चढून त्याला उंची आली होती.

"आहे ना?" एलियाननं मागून विचारलं. ती आपल्या पिशवीत चाचपडत होती. मग तिनं खडूच्या रंगाचा डबा बाहेर काढला. ती सांगू लागली, घरातल्या कामाबद्दल सांगावं तशा आवाजात, की दरवर्षी फेरीनंतर ती एकटी येते आणि बाण पुन्हा गिरवते. फाटक आहे, आता कुणाला धोका नाही. त्याच्या हाताचं एवढंच राहिलं आहे जगात. सह्या तर पोस्टानं ठेवून घेतल्या. पण तेवढ्यासाठी नाही. "मी येते त्याला शिव्या द्यायला. इथं उभी राहते आणि म्हणते, बघ गाढवा, तुझं काम बघ. विसरलास. दिवा विसरायचास, फाटक विसरायचास, आणि हेही विसरलास. तासभर भांडते. मग घरी जाते. वर्षभर बरं वाटतं." डबा तिनं ब्लांदीनच्या दिशेनं धरला, थोडा चुकलेल्या दिशेनं. "आता मला मधलं दिसत नाही. आकडा काढता येत नाही. यंदा तू काढ. आणि मी नसले येत तरी पुढंही काढत जा. तुझ्याशिवाय कुणाला सांगू?"

ब्लांदीननं डबा घेतला नाही. ती म्हणाली, "तो विसरला नव्हता." आणि मग पुढचं एका मागोमाग आलं, सपाट, भिंगांचे नंबर वाचावे तसं: त्याची कंबर, फोन, कुणाला सांगू नकोस म्हणणं, सतरा बाण, पाणी संपलं, पाव-चीज, पाऊस पुसेल, झालं असं सांगणं. बरणीचंही सांगितलं. ते सांगायची काही गरज नव्हती.

वर मळ्यात कुणीतरी हाक मारली, दुसऱ्या कुणाला तरी. एलियाननं तोंड फिरवलं होतं. पण तिला बघायचं असलं की ती तोंड फिरवते, म्हणजे ती ब्लांदीनकडे बघत होती. ब्लांदीन वाट बघत राहिली, की आता हात उठेल, निदान शब्द. तिनं तीन वर्षं या क्षणाची कल्पना केली होती आणि प्रत्येक कल्पनेत काहीतरी पडत होतं, तुटत होतं. इथं नुसतं खडकावरून कुठंतरी पाणी ठिबकत होतं, बाहेरच्या बाजूला.

"तीन वर्षं," एलियान म्हणाली, अगदी हळू. "तीन वर्षं मी त्याच्याशी भांडून जेवले. भांडून झोपले. आणि त्यानं काहीच केलं नव्हतं." ती थांबली. "मग आता मी कुणाशी भांडू, पोरी? तुझ्याशी? तू माझी कोण?"

ब्लांदीन काहीतरी बोलायला गेली. क्लबात सगळ्यांना सांगते, म्हणाली, आजच, बर्त्राँला, सगळ्यांसमोर. नाव तरी त्याचं धुऊन निघेल. वाकून तिनं पिशवीतला कॅन काढला, ब्रश काढला. पाण्याचा आवाज ऐकून एलियाननं हात पुढं केला आणि चाचपडत तिचं मनगट धरलं. पकड म्हाताऱ्या बाईची नव्हती.

"पुसायचं नाही. आणि कुणाला सांगायचंही नाही. त्याची चूक राहू दे माझ्याकडं. तीही नेलीस तर घरात उरलं काय? तुझं मन हलकं झालं ना? झालं असेल. आता काढ बाण."

मन हलकं झालं नव्हतं. जिथं ओझं होतं, तिथं ते तसंच होतं, फक्त आता त्याला कुणी उचलून घेणारं उरलं नव्हतं. जगातलं एकच माणूस होतं, त्यानं बघून परत तिच्याच हातात ठेवलं होतं. तिनं डबा हलवला. आतली गोळी खडखडली. एक गोष्ट तिच्या मनात येऊन गेली: हिला दिसत नाही. फवारा हवेत मारला, रंगाचा वास आला, कॅनमधलं पाणी भिंतीवर टाकलं, तरी हिला कळणार नाही. हा विचार तिला नवा वाटला नाही. पाऊस पुसेल, याच आवाजात तो बोलला होता. ती गुडघ्यांवर बसली आणि जुन्या रंगावरून नवा रंग नेऊ लागली, आधी टोक, मग दांडा. शेपटाशी आल्यावर तिला भीती वाटली की आपला बाण पोक काढेल, पण हात आपोआप वळला. आकडा हुबेहूब आला. मांजरानं शेपूट वळवावं तसा.

"झालं?" एलियाननं विचारलं.

"झालं."

एलियान वाकली. भिंतीवर हात ठेवून तिनं तर्जनी बाणाच्या टोकावर टेकवली आणि दांड्यावरून मागं मागं, ओल्या रंगातून, आकड्यापर्यंत नेली. पूर्वी तिनं कधी असं तपासलं नसतं. बोट पिवळं झालं. ते तिनं पुसलं नाही. सरळ उभी राहून तिनं सायकलचा दांडा शोधला, तोंड वळवून, कडेनं.

वर चढायची वाट डावीकडं होती, ओल्या खडीची, आणि तिला दुसरं कुणी नेणारं नव्हतं.

"पुढं हो," ती म्हणाली. "सावकाश. मला तुझ्याच मागं यायचंय."